तटस्थ कोणाशी? ब्रेक्झिटच्या वाटाघाटी आणि ब्रिटिश मुत्सद्द्यांची पंचाईत

१७ जुलै २०१७ रोजी ब्रुसेल्समध्ये काढलेला एक फोटो तेव्हा जगभर फिरला. टेबलाच्या एका बाजूला युरोपीय महासंघाचे प्रमुख वाटाघाटीकार मिशेल बार्निए आणि त्यांचे सहकारी, पुढ्यात कागदांच्या चळती. समोर ब्रिटनचे ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस, चेहऱ्यावर हसू आणि पुढ्यात एकही कागद नाही. डेव्हिस यांची यथेच्छ टिंगल झाली. त्यांच्या दोन्ही हातांना बसलेल्या ऑली रॉबिन्स आणि सर टिम बॅरो या अधिकाऱ्यांकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. मंत्री वर्षभरात राजीनामा देऊन मोकळे झाले. अधिकारी मागे राहिले आणि हळूहळू त्यांच्यातलाच एक जण वादाचा विषय बनला.

ब्रिटिश व्यवस्थेत अधिकाऱ्याची तटस्थता म्हणजे दोन पक्षांच्या मधोमध उभे राहणे नव्हे. सत्तेवर जे सरकार असेल त्याला भीडभाड न ठेवता सल्ला द्यायचा, तो बंद दाराआड द्यायचा, आणि निर्णय झाला की स्वतःला पटो न पटो, तो इमानाने राबवायचा, असा हा अलिखित करार. वशिल्याने नोकऱ्या वाटण्याची जुनी रीत मोडून परीक्षेने आणि गुणवत्तेवर भरती करावी, असे सुचवणारा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल १८५४ मध्ये आला. सरकारे बदलली तरी खुर्चीवर राहणारा, म्हणून कोणाचाच माणूस नसलेला अधिकारी त्यातूनच पुढे घडला. यातले चार्ल्स ट्रेव्हेलियन आपल्याला परके नाहीत. कंपनी सरकारच्या नोकरीत त्यांनी उमेदीची वर्षे भारतात काढली होती आणि मेकॉलेची बहीण त्यांची पत्नी. त्याच १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने भारतातल्या मुलकी सेवेसाठी स्पर्धा परीक्षेची शिफारस केली. आज पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जी परीक्षा घोकली जाते, तिचे कूळ तिथवर जाते.

पुढची गंमत अशी की, हेच ट्रेव्हेलियन १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. कलकत्त्यात अर्थखाते सांभाळणाऱ्या जेम्स विल्सन यांचे नवे कर त्यांना मान्य नव्हते. विरोध सरकारी कागदातच ठेवायचा सोडून त्यांनी तो जाहीर केला आणि १८६० मध्ये लंडनने त्यांना परत बोलावले. गुप्त सल्ला हा ज्या व्यवस्थेचा कणा, तिच्या शिल्पकाराचीच उघड बोलल्याबद्दल गच्छंती झाली.

करार अलिखित होता तोवर त्याच्या कडा धूसर होत्या. १९८५ मध्ये क्लाइव्ह पॉन्टिंग या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने फॉकलंड युद्धात ब्रिटनने बुडवलेल्या अर्जेंटिनाच्या बेलग्रानो जहाजाविषयीची कागदपत्रे एका खासदाराला दिल्याचा खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. लगेच कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी टिपण काढले: अधिकारी राजमुकुटाचे सेवक, आणि व्यवहारात राजमुकुट म्हणजे त्या वेळचे सरकार. २०१० च्या कायद्याने सचोटी, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा ही चार मूल्ये परराष्ट्र सेवेलाही लागू केली. इथेच घोडे पेंड खाते. सरकारलाच नेमके काय हवे हे ठरत नसेल, तर निष्ठा कशावर ठेवायची, याचे उत्तर या कागदांत नव्हते. ब्रेक्झिटच्या काळात मुत्सद्द्यांची जी ओढाताण झाली, तिचे मूळ माझ्या मते इथे आहे. ते चोरून महासंघाची री ओढत होते, या आरोपात नाही.

तो आरोप अगदी हवेतून आला असेही नाही. युरोपच्या प्रश्नावर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा एक कल होताच. १९५५ मध्ये युरोपीय देशांच्या मेसिना परिषदेनंतर सामायिक बाजारपेठेचा आराखडा आखायला ब्रुसेल्समध्ये स्पाक समिती बसली, तेव्हा लंडनने मंत्री न पाठवता व्यापार खात्यातले रसेल ब्रेथर्टन यांना धाडले. नोव्हेंबरात ब्रिटन तिथून बाहेर पडले. निघताना ब्रेथर्टन यांनी केले म्हणून एक झोकदार भाषण सांगितले जाते. त्याची तत्कालीन नोंद नाही. त्यांनी लंडनला कळवलेली गोष्ट अधिक बोलकी आहे: चर्चेला हवे ते वळण देण्याची ताकद आपल्याकडे आहे, पण एका मर्यादेपलीकडे ती वापरली तर निष्कर्षांची जबाबदारीही आपल्यावर येईल. संधी जात आहे हे दिसत असूनही हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्याचा हा नमुना. पुढच्या पिढीने तो धडा उलटा घेतला. १९७० ते ७२ मध्ये युरोपीय समुदायातल्या प्रवेशाच्या वाटाघाटींत अधिकाऱ्यांच्या पथकाचे नेतृत्व सर कॉन ओ'नील यांनी केले आणि निवृत्तीनंतर १९७५ च्या सार्वमतात ते समुदायात राहण्याच्या बाजूने प्रचारात उतरले. बाहेर पडण्याची वाट आखून देणारे लिस्बन करारातले ५० वे कलम, त्याचा मूळ मसुदाही एका ब्रिटिश मुत्सद्द्याच्याच हातचा. परराष्ट्र खात्याचे माजी प्रमुख जॉन कर युरोपीय राज्यघटना परिषदेचे महासचिव असताना त्यांनी तो लिहिला. २०१६ मध्ये तेही महासंघात राहण्याच्या बाजूने बोलत होते.

चाळीसएक वर्षे ब्रुसेल्समध्ये घासाघीस करत ज्यांची कारकीर्द झाली, त्यांना ते सगळे मोडायला सांगितले की मनातून आनंद होणार नाही, हे उघड आहे. परराष्ट्र खात्याचे तेव्हाचे प्रशासकीय प्रमुख सायमन मॅक्डोनल्ड यांनी पुढे सांगितले, की २०१६ च्या सार्वमताच्या निकालानंतर खात्यात सुतकी वातावरण होते आणि आपण राहण्याच्या बाजूने मत दिले हे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. धीर देण्याचा हेतू असेल, पण ही चूकच होती. प्रमुखाचे मत गुप्त राहण्यातच त्याच्या सल्ल्याची किंमत असते.

सार्वमताच्या आधीच गाठ बसली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅबिनेट सचिव जेरेमी हेवूड यांनी सूचना काढली: सरकारची अधिकृत भूमिका राहण्याची असल्याने, बाहेर पडण्याचा प्रचार करणाऱ्या मंत्र्यांना अधिकाऱ्यांनी सार्वमताशी संबंधित कागद द्यायचे नाहीत. नियमाला धरून होते, पण आपल्याच खात्याचे अधिकारी आपल्यापासून कागद लपवतात, ही सल हुजूर पक्षातल्या एका गटाच्या मनात राहिली. दुसरीकडे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांच्या सरकारने बाहेर पडण्याच्या निकालासाठी तयारीच करू दिली नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने जुलै २०१६ मध्ये याला घोर हलगर्जीपणा म्हटले. २३ जूनला ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, तेव्हा कपाटात आराखडाच नव्हता.

पहिला बळी सर आयव्हन रॉजर्स यांचा. ते महासंघातले ब्रिटनचे स्थायी प्रतिनिधी. व्यापार करार व्हायला दहा वर्षे लागू शकतात, असे ब्रुसेल्समध्ये मानले जाते, हा त्यांनी पंतप्रधानांना दिलेला इशारा डिसेंबर २०१६ मध्ये फुटला आणि ते निराशावादी ठरले. ३ जानेवारी २०१७ ला त्यांनी पद सोडले. सहकाऱ्यांना पाठवलेल्या निरोपाच्या ईमेलमध्ये त्यांनी लिहिले, की सत्ताधाऱ्यांना न आवडणारे सत्य सांगत राहा. पण त्याच ईमेलमधले दुसरे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटते: वाटाघाटींची सरकारची उद्दिष्टे कोणती, हे आपल्याला अजून माहीत नाही. सार्वमताला सहा महिने उलटून गेले होते. अशिलाला काय मागायचे तेच ठरत नसेल, तर वकिलाने फक्त तारखा मागाव्यात, तशी ही गत. समोर मात्र २७ देशांच्या नेत्यांनी २९ एप्रिल २०१७ रोजी काही मिनिटांत मार्गदर्शक तत्त्वे मंजूर करून जाहीरही केली. बार्निए यांच्या उपप्रमुख सबीन वायांड तटस्थ आहेत का, असा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण त्यांच्या हातात आदेश होता.

त्या पोकळीत रॉबिन्स सापडले. टोनी ब्लेअर यांचे प्रमुख खासगी सचिव राहिलेले, कॅमेरन यांच्या काळातही वरच्या पदांवर असलेले हे गृहस्थ आधी डेव्हिस यांच्या खात्याचे सचिव होते. सप्टेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांना थेट आपल्या हाताखाली घेतले. आता वाटाघाटी कागदोपत्री मंत्र्यांच्या आणि प्रत्यक्षात रॉबिन्स यांच्या. जुलै २०१८ मध्ये चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी मे यांनी जो आराखडा मांडला, तो मंत्र्यांच्या खात्यात तयार होत असलेला नव्हता. डेव्हिस गेले, पाठोपाठ परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन गेले, आणि खापर फुटले रॉबिन्स यांच्या डोक्यावर. निर्णय पंतप्रधानांचा होता. पण अधिकारी उत्तर देऊ शकत नाही, हे ठाऊक असल्याने त्याच्यावर टीका करणे सोपे होते. शेवटी हंगामी कॅबिनेट सचिव मार्क सेडविल यांना वृत्तपत्राला पत्र लिहून त्यांची बाजू घ्यावी लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रुसेल्समधल्या एका हॉटेलच्या बारमध्ये रॉबिन्स सहकाऱ्यांशी बोलत होते: खासदारांपुढे मे यांचा करार किंवा लांबलचक मुदतवाढ, एवढेच पर्याय राहतील. ते बोलणे आयटीव्ही या वाहिनीच्या वार्ताहराच्या कानी पडले. पंतप्रधान जाहीरपणे वेगळे सांगत असताना ही त्यांची मोठीच बेसावधगिरी होती.

अलेक्झांड्रा हॉल हॉल यांची गोष्ट वेगळी. वॉशिंग्टनच्या दूतावासात ब्रेक्झिटची बाजू मांडणे हेच त्यांचे काम. ३३ वर्षांच्या नोकरीनंतर, निवडणुकीच्या तोंडावर डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विश्वास न वाटणाऱ्या सरकारच्या वतीने अर्धसत्ये पसरवणे आता जमणार नाही, असे त्यांनी लिहिले. महासंघ सोडण्याच्या निर्णयाविरुद्ध हा राजीनामा नव्हता. तो राबवणे त्यांना मान्य होते. सरकारी कायदा विभागाचे प्रमुख जोनाथन जोन्स सप्टेंबर २०२० मध्ये याच रेषेवर थांबले. आपण केलेला करार मर्यादित स्वरूपात मोडणारे विधेयक आणतो आहोत, हे मंत्र्यांनी संसदेतच कबूल केले त्याच दिवशी त्यांनी पद सोडले.

जॉन्सन यांनी गाठ वेगळ्याच पद्धतीने कापली. जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान होताच वाटाघाटी डेव्हिड फ्रॉस्ट यांच्याकडे दिल्या. फ्रॉस्ट पूर्वी डेन्मार्कमध्ये राजदूत होते, मग स्कॉच व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेचे प्रमुख, मग जॉन्सन यांचे सल्लागार. या वेळी ते आले ते राजकीय नियुक्तीने. तटस्थतेचा प्रश्नच मिटला, कारण ते पंतप्रधानांचा माणूस होते आणि तसे म्हणतही. समोरच्यांनाही यात एक सोय होती: फ्रॉस्ट बोलले म्हणजे जॉन्सन बोलले. व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला झाला. मात्र उत्तर आयर्लंडविषयीचा जो मसुदा फ्रॉस्ट यांनी २०१९ मध्ये ठरवला, तोच अन्यायकारक म्हणून २०२१ मध्ये मंत्री या नात्याने ते नव्याने लिहून मागू लागले. या वेळी दोष ढकलायला कोणी सनदी अधिकारी उरला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनीही राजीनामा दिला.