गार पाण्यातला क्लोरीन आणि आपल्या बोअरचा सामू

भाच्याने लातुरात औसा रोडला जिम काढली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे बर्फगार डुबकीचा टब बसवला. हजार लिटर पाणी, शेजारी चिलर, तापमान 10 अंश सेल्सिअस. व्यायाम झाला की पोरं त्यात दोन-तीन मिनिटं गळ्यापर्यंत बसतात. महिना झाला तरी पाणी बदललं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मामा, एवढ्या गार पाण्यात कोणता जंतू जगतोय?"

हा समज फार जणांचा आहे, म्हणून लिहायला घेतलं. फ्रिजमध्ये आठ दिवस राहिलेलं चमचाभर दही कोमट दुधाला लावा, सकाळी विरजण लागलेलं असतं. गारठ्याने जिवाणू मरत नाहीत, मंदावतात. अंगावर पुरळ आणणारा, कान ठणकवणारा स्युडोमोनास हा जिवाणू तर असल्या गार पाण्यातही तग धरू शकतो. मी टबात पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं, तर बरेच दिवस न घासलेल्या रांजणासारखी बुळबुळ लागली. जिवाणू स्वतःभोवती चिकट थर विणून त्यात वस्ती करतात, ती ही बुळबुळ.

"पण टीसीएल टाकतो की रोज," भाचा म्हणाला. खेड्यातला जलसुरक्षक विहिरीत टाकतो तीच ब्लिचिंग पावडर. त्याने लगेच ओटीचे, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकून दाखवले, पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन होता. मग बुळबुळ कशी?

इथे मला रसायनशास्त्रातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगायची आहे. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. आयनही ऋण, त्यामुळे तो दारातूनच परत ढकलला जातो. आम्लाच्या रेणूवर प्रभार नसतो, तो सरळ आत शिरतो. जंतू मारण्यात आम्ल हे आयनापेक्षा साधारण 80 ते 100 पट प्रभावी आहे. या दोघांची वाटणी ठरवतो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. 10 अंशांच्या पाण्यात सामू 7.2 असेल तर चार भागांतले तीन भाग आम्ल असतं. सामू 8.3 झाला की पाचातला एकच भाग उरतो. नेहमीच्या चाचण्यांना हा फरक दिसत नाही, दोन्ही रूपं एकाच रंगात मोजली जातात. ओटीत तर घामातल्या अमोनियाशी जुळून दुबळा झालेला क्लोरामीनही पिवळाच दिसतो.

आता आपल्या बोअरकडे या. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसॉल्टच्या फटींतून उतरतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत आणतं. बोअरमधून वर आलं की वायू निसटायला लागतो. टबातला पंप पाणी रात्रंदिवस घुसळतो, त्यामुळे सोड्याची बाटली हलवल्यासारखं होतं. वायू गेला की सामू चढतो. मी सकाळी बोअरचं ताजं पाणी काचेच्या नळीत घेऊन फिनॉल रेडचा, म्हणजे सामूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रवाचा, थेंब टाकला, नारिंगी रंग आला. टबातलं पाणी घेतलं, गडद गुलाबी, म्हणजे सामू चढलेला. त्यात टीसीएल स्वतःच अल्कधर्मी, शिवाय चुन्याचा गाळ मागे ठेवणारी. रोजचा डोस सामू आणखी वर ढकलत होता.

थंडीचा मार वेगळाच. तापमान 10 अंशांनी उतरलं की क्लोरीनला तेवढेच जंतू मारायला दोन ते तीन पट वेळ लागतो. 30 अंशांच्या तलावाशी तुलना केली तर या टबात चार ते नऊ पट. ज्या गारव्याच्या भरवशावर भाचा निर्धास्त होता, तो जंतूंच्या बाजूने होता.

म्हणून आधी सामू, मग क्लोरीन. सोडियम बायसल्फेट ही आम्लधर्मी पूड बादलीत विरघळवून पंप चालू असताना थोडं थोडं घालायचं, सामू 7.2 ते 7.6 मध्ये आणायचा. नंतर द्रव हायपोक्लोराइटने मुक्त, म्हणजे अमोनियाशी न जुळलेला, क्लोरीन लिटरमागे 2 ते 3 मिलिग्रॅम ठेवायचा. आम्ल आणि क्लोरीनची भांडी कधीही एकत्र करायची नाहीत, विषारी वायू निघतो. टबात उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची. भिंतीवरचा "विषद्रव्ये बाहेर टाका" हा बोर्डही मी काढायला लावला. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, टबात बाहेर पडतो तो घाम, आणि तो क्लोरीन खातो.

बाकी कामं सोपी. फिल्टर रोज खंगाळायचा. चिलरच्या जाळीवरची धूळ आठवड्याला ब्रशने काढायची, नाहीतर मे महिन्यात 42 अंशांच्या हवेत कॉम्प्रेसर दमून बंद पडतो.

पाणी बदलायचं म्हटलं की इथे माणसाचा जीव खालीवर होतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं शहर आहे हे. पण बुळबुळीच्या आत क्लोरीन पोचत नाही, वरच्या थरातच संपतो. ती घासूनच काढावी लागते आणि त्यासाठी टब रिकामा करावाच लागतो. भाच्याने आता तोटीला पाइप जोडून ते हजार लिटर पाणी संडासात ओतायच्या पाण्याच्या टाकीत घेतलं आहे.