एक शाळा, तीन समित्या : नागपुरातील पालक-सहभागाची पार्श्वभूमी

नागपुरात शुल्कवाढीवरून किंवा शिक्षकभरतीवरून एखाद्या शाळेत वाद पेटला, की 'समिती काय करत होती?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर देताना संस्थाचालक, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि पालक बहुधा तीन निरनिराळ्या समित्यांविषयी बोलत असतात. सध्याच्या वादाचा बराचसा भाग या शब्दगोंधळातून आला आहे आणि हा गोंधळ सर्वांनाच सारखा गैरसोयीचा आहे, असेही म्हणता येत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रांताच्या व पुढे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. या प्रांतात 1937 नंतर आखल्या गेलेल्या विद्यामंदिर योजनेत दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी अशी कल्पना होती; परंतु योजनेची खरी चर्चा तिच्या नावावरूनच अधिक झाली. 1948 च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्था आल्या, आणि 1 मे 1962 रोजी त्यांची जागा जिल्हा परिषदेने घेतली. या साऱ्या व्यवस्थांत शाळा निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींना उत्तरदायी होती. पालक या नात्याने पालकाला स्वतंत्र स्थान नव्हते. तो मतदार होता, इतकेच.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा 1977 चा कायदा आणि त्याखालील 1981 ची नियमावली यांनी 'शाळा समिती' हा शब्द रूढ केला. या समितीत संस्थेच्या प्रतिनिधींचे बहुमत असते. त्यांच्यासोबत मुख्याध्यापक आणि कायम शिक्षकांपैकी एक जण बसतो. शिक्षकांच्या नेमणुका याच समितीच्या ठरावाने होतात. पालकाला तिच्यात जागा नाही. पुढे शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 21 ने 'शाळा व्यवस्थापन समिती' आणली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. ही समिती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत असते. विनाअनुदानित शाळांना कलम लागू नाही. म्हणजे महाल, इतवारी किंवा सदरमधील एखाद्या अनुदानित शाळेत या दोन्ही समित्या एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात. एकीच्या हाती नेमणुका असतात, दुसरीच्या हाती 2012 च्या दुरुस्तीपर्यंत शाळा विकास आराखडा होता. दोघींची नावे इतकी जवळची, की दोघींची इतिवृत्ते एकाच कपाटात शेजारीशेजारी ठेवलेली असली तर कोणती वही कुणाची, हे वही उघडल्याशिवाय कळत नाही.

नावापेक्षा अधिक वादाचा मुद्दा एका तरतुदीचा आहे. शासनाकडून किंवा स्थानिक संस्थेकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर व्यवस्थापन समितीने देखरेख ठेवावी, असे कलम 21 सांगते. प्रत्यक्षात 'अनुदान' म्हणजे खडू, झाडू, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्तीचे पैसे, असाच अर्थ वर्षानुवर्षे घेतला गेला. अनुदानित शाळेला मिळणारी खरी मोठी रक्कम म्हणजे वेतन अनुदान. तिचा तपशील पालक सदस्यांपुढे ठेवण्याची रीत कधी पडली नाही. हा अर्थ कायद्याच्या शब्दांतून निघत नाही, तो सोयीतून निघाला, असे या लेखकाचे मत आहे. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असल्याने विषयपत्रिका त्यांच्याच टेबलावर तयार होते. अनेकदा सभा होतही नाही; विद्यार्थ्याच्या दप्तरातून वही घरी येते, शेवटच्या पानावर आईची किंवा वडिलांची सही घेतली जाते आणि गणपूर्ती झाल्याची नोंद होते.

शिक्षणहक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत आणि इतर सर्व अनुदानित शाळांत या समितीचे काम केवळ सल्ल्याचे ठरवले, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू होत नाही असा निर्णय दिला. नागपुरात अशा संस्थांच्या जुन्या आणि नावाजलेल्या शाळा असल्याने हा निकाल येथे दूरचा वाटला नाही.

तिसरी संस्था पालक-शिक्षक संघाची. तिला कायद्याचे बळ मिळाले ते 2011 च्या शुल्क नियमन कायद्याने, जो डिसेंबर 2014 पासून अमलात आला. संघाच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात, आणि तिने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधील राहते. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा. विदर्भात उन्हामुळे शाळाच जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्यामुळे सोडतीच्या चिठ्ठ्या निघेपर्यंत जुलै उजाडतो. पालकांनी पहिला हप्ता तोवर भरलेलाही असतो. पुढे झालेल्या दुरुस्तीने विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार करण्याची वाट पालकांना मोकळी केली, पण किमान 25 टक्के पालक एकत्र आले तरच. दोन हजार मुलांच्या शाळेत हा आकडा कुठे जातो, हे ज्याने कधी सह्या गोळा केल्या आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही.

करोनाकाळात या व्यवस्थेची परीक्षा झाली. मे 2020 चा शुल्कवाढ रोखणारा शासन निर्णय उच्च न्यायालयात अडला. ऑगस्ट 2021 मध्ये 15 टक्के शुल्ककपातीचा निर्णय निघाला. दोन्ही वेळी निर्णय मंत्रालयात झाला आणि वाद न्यायालयात गेला. सोडतीने निवडलेली समिती या चित्रात फारशी दिसली नाही.

त्यानंतर 2025 मध्ये नागपूर विभागातील शालार्थ प्रकरण उघडकीस आले. शालार्थ ही शाळा कर्मचाऱ्यांचे वेतन काढण्याची शासनाची ऑनलाइन प्रणाली; नियमबाह्य नेमणुका दाखवून तिच्यातील ओळख क्रमांक, म्हणजे शालार्थ आयडी, मिळवल्याचे आणि त्यावर शासनाचे वेतन उचलल्याचे आरोप झाले, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि तपासासाठी विशेष पथक नेमले गेले. अनुदानित शाळेत कोण शिकवते हे पालकांना मुलांकडून रोज कळत असते. वेतन कुणाच्या नावे निघते, ते मात्र त्यांना कुठल्याही सभेत सांगितले गेले नव्हते.