हात सोडला की स्टिअरिंग का नाचतं? उशिरा पोहोचणाऱ्या जोराची गोष्ट

माझी बहीण ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, व्हीलची मोटर गेली बहुतेक. सरळ रस्त्यावर हात सोडला की वेड्यासारखं हलतं. खालचे काका वर येऊन बोलून गेले."

हे व्हील म्हणजे रेसिंग गेम खेळण्यासाठी टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग. आत मोटर असते. गेममधल्या गाडीच्या टायरवर जो जोर येतो, तो ही मोटर आपल्या हातापर्यंत पोहोचवते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. माझ्या मते घरगुती वस्तूंमध्ये इतकं सुंदर नियंत्रणशास्त्र दुसऱ्या कुठल्याच वस्तूत सापडणार नाही, म्हणून रविवारी सकाळीच मी तिकडे पोहोचलो.

तोवर घरात दोन निदानं झाली होती. दुकानदाराच्या मते मोटर खराब होती. भाच्याच्या आजीच्या मते नव्या वस्तूला दृष्ट लागली होती आणि मीठ-मोहऱ्या ओवाळूनही झाल्या होत्या. माया म्हणून मी ते समजू शकतो, पण कारण शोधायच्या जागी दृष्ट काढून मोकळं होणं मला मान्य नाही. हे व्हील एका ठरलेल्या वेगात, ठरलेल्या लयीत हलत होतं. जे लयीत हलतं त्याला नियम असतो, आणि नियम असला की तो मोजता येतो.

आम्ही आधी मोजलंच. फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या आणि मोजत बसलो. एक पूर्ण हेलकावा, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे, साधारण ६० फ्रेममध्ये होत होता. म्हणजे सेकंदाला ४ हेलकावे. ही थरथर खडबडीत रस्त्याची नव्हे. ट्रॅकच्या कडेच्या लाल-पांढऱ्या कर्बवर चाक गेलं की जो बारीक, भराभर कंप येतो तो हवाच असतो, त्यातूनच रस्ता कळतो. सेकंदाला तीन-चार-पाच वेळा होणारा मोठा हेलकावा रस्त्यावरून येत नाही. तो व्हील आणि संगणक मिळून तयार करतात.

हे समजायला आधी खरी गाडी बघू. वळण संपल्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की ते आपसूक मध्यावर येतं. पुढच्या चाकांची रचना अशी असते की चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे टायरचा रस्त्याशी संपर्क असतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक जसं ढकलण्याच्या दिशेच्या मागे ओढलं जातं, तसंच हे. शिवाय टायरचं रबर वळताना असं पिळलं जातं की त्याचा आडवा जोर संपर्काच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे पडतो. दोन्ही मिळून चाकाला सरळ करणारा एक पीळ तयार होतो. जितकं वळवाल तितका उलटा जोर, निदान सुरुवातीचे काही अंश तरी. म्हणजे मध्यावर बसवलेली एक स्प्रिंगच.

गेम हाच पीळ गणिताने काढतो. व्हीलमधला सेन्सर कोन मोजतो, तो यूएसबीतून संगणकात जातो, गेम टायरचं गणित करतो, उत्तर परत यूएसबीतून व्हीलकडे येतं आणि मोटर जोर लावते. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालतं. पण चक्र कितीही वेळा चालो, प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ जातोच. सगळा मिळून उशीर समजा ३० मिलिसेकंद धरला, तर मोटर आत्ता लावते तो जोर आत्ताच्या कोनाचा नसतो. तो ३० मिलिसेकंदांपूर्वीच्या कोनाचा असतो.

इतक्याशा उशिराने काय बिघडतं? सगळं इथेच बिघडतं, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

चांगली स्प्रिंग हिशोबाला चोख असते. व्हील मध्यापासून दूर जाताना ती जेवढी ऊर्जा काढून घेते, तेवढीच परत येताना देते. आता उशिराची स्प्रिंग घ्या. व्हील बाहेरच्या दिशेने जाताना १० अंशांवर आहे. उशीर नसता तर १० अंशांचा विरोध झाला असता. पण मोटरला माहीत असलेला कोन जुना आहे, समजा ७ अंश. म्हणून विरोधही ७ अंशांचाच. पुढे व्हील टोकाला जाऊन परत फिरतं आणि पुन्हा १० अंशांवर येतं. आता मोटरला माहीत असलेला जुना कोन १३ अंशांचा. म्हणजे मध्याकडे ढकलणारा जोर १३ अंशांचा! जाताना ७ च्या हिशोबाने अडवलं, येताना १३ च्या हिशोबाने ढकललं. मधला फरक व्हीलच्या खिशात. वर आणखी एक गोष्ट: व्हील मध्य ओलांडून पलीकडे गेलं तरी क्षणभर मोटरला ते अलीकडेच वाटत असतं, त्यामुळे ती त्याला पलीकडेच ढकलत राहते. प्रत्येक हेलकाव्यात अशी थोडी थोडी ऊर्जा जमा होते आणि हेलकावा वाढत जातो. माजघरातल्या झोपाळ्याला नेमक्या वेळी पायाने रेटा देत राहावं तसं. फरक एवढाच की इथे रेटा कुणी मुद्दाम देत नाही, तो उशिरातूनच जन्मतो.

थोडं गणित केलं तर हेच अधिक देखणं दिसतं. जुना कोन म्हणजे जवळपास आत्ताचा कोन वजा (वेग × उशीर). स्प्रिंगचा जोर म्हणजे उणे ताठरता (स्प्रिंग किती कडक आहे त्याचं माप) × जुना कोन. दोन्ही एकत्र केलं की जोराचे दोन तुकडे पडतात: उणे ताठरता × आत्ताचा कोन, अधिक ताठरता × उशीर × वेग. पहिला तुकडा साधी, प्रामाणिक स्प्रिंग. दुसरा तुकडा वेगाच्या दिशेने ढकलतो. दार सावकाश बंद करणाऱ्या डोअर क्लोजरच्या बरोब्बर उलटं हे काम आहे. तो वेगाला विरोध करतो, त्याला अवमंदन किंवा डॅम्पिंग म्हणतात. इथे आपल्याला फुकटात उणे अवमंदन मिळालं आहे, आणि त्याचं माप आहे ताठरता गुणिले उशीर.

आकडे घालू. पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, आणि रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंशांचा कोन. ६ अंशांना साधारण १ न्यूटन-मीटर पीळ येत असेल तर ताठरता रेडियनमागे सुमारे १० न्यूटन-मीटर. गुणिले ०.०३ सेकंद, म्हणजे ०.३. व्हीलमध्ये खरं अवमंदन यापेक्षा जास्त असेल तर हेलकावे विझतील, कमी असेल तर वाढतील. ते वाढून वाढून मोटर तिच्या कमाल जोराला पोहोचली की तिथे अडकतात आणि एकाच मापाचे होऊन चालू राहतात, पार टेबल हादरेपर्यंत.

या एका गुणाकाराने भाच्याचे बहुतेक प्रश्न सुटले. "सरळ रस्त्यावरच का?" कारण टायर सरळ असताना कोनाबरोबर पीळ सर्वात झपाट्याने वाढतो. वळणात थोडं पुढे गेलं की ती वाढ मंदावते, नंतर पीळ कमीही होतो, आणि शिवाय वळणात आपण व्हील घट्ट धरलेलं असतं. "वेगातच का?" कारण हळू गाडीत स्टिअरिंग फिरवलं की गाडीच लगेच वळते आणि टायर फारसा तिरका घासत नाही. वेगात मात्र व्हीलच्या त्याच कोनातून टायरचा तिरकेपणा जास्त होतो, रेसिंग गाडीत वरून हवेचाही दाब येतो, आणि आपली स्प्रिंग आणखी ताठ होते.

"मग मित्राच्या साध्या गिअरवाल्या व्हीलला हे का होत नाही? माझं तर त्याच्यापेक्षा महाग आहे." हा प्रश्न मला सर्वात आवडला. गिअरवाल्या व्हीलमध्ये मोटरचा जोर दातेरी चाकांतून येतो, तिथे घर्षण भरपूर असतं आणि कमाल जोर २ न्यूटन-मीटरच्या आसपास. भाच्याचं व्हील डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे रिम (हातात धरायचं गोल कडं) थेट मोटरच्या दांड्यावर. घर्षण जवळपास नाही आणि जोर कितीतरी जास्त. बारकावे उत्तम कळतात, पण हेलकावे गिळून टाकणारं आत काहीच नाही. म्हणजे हे व्हील बिघडलेलं नव्हतं, ते चांगलं होतं म्हणून हलत होतं. "जास्त न्यूटन-मीटर म्हणजे जास्त खरंखुरं" ही जाहिरातबाजी मला म्हणूनच खटकते. जोर दुप्पट केला की ताठरता दुप्पट आणि उणे अवमंदनही दुप्पट. खऱ्या गाडीत टायर, रबरी बुश, स्टिअरिंगची यंत्रणा सगळीकडे ऊर्जा मुरते आणि मध्ये संगणकाची फेरी नसते. तरीही विमानाचं नाकाखालचं चाक धावपट्टीवर असं थरथरू शकतं, आणि त्यासाठी अनेक विमानांत मुद्दाम शिमी डॅम्पर बसवतात.

सोन्याचा मुलामा दिलेली यूएसबी केबलही भाच्याने मागवायला घेतली होती, उशीर कमी होतो म्हणून. दोन मीटर तारेतून संदेश जायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. आपला ३० मिलिसेकंदांचा उशीर त्याच्या तीस लाख पट आहे. केबलने यात काडीचाही फरक पडणार नाही.

हात ठेवला की हेलकावे थांबतात, कारण हाताचे स्नायू आणि त्वचा उत्तम अवमंदक आहेत. पण हातांनी हेलकाव्याशी भांडायचं नाही. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात आणि इथे अख्खा हेलकावा २५० मिलिसेकंदांचा. आपण दुरुस्त करायला जातो तेव्हा उलट भरच घालतो. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी नासाचं एंटरप्राइज हे चाचणीचं शटल उतरताना असंच डोलायला लागलं होतं. वैमानिक अनुभवी होता, पण नियंत्रण यंत्रणेतल्या उशिरामुळे त्याच्या दुरुस्त्या वेळ चुकून पोहोचत होत्या. काठीवरची पकड ढिली केल्यावरच ते शांत झालं. पुढे नासाने एफ-८ या विमानात मुद्दाम उशीर घालून हा प्रकार अभ्यासला.

आता उपाय. पहिला सरळ आहे: गेममधला एकूण जोर, म्हणजे गेन, कमी करणे. ताठरता घटते. दुसरा, उशीर कमी करणे. फ्रेम रेट अडखळत असेल तर ग्राफिक्स उतरवा, काही गेममध्ये व्ही-सिंक (चित्रं पडद्याच्या लयीशी जुळवणारी सेटिंग) बंद केल्यानेही फरक पडतो. तिसरा उपाय, डॅम्पर, मला सर्वात प्रिय आहे. तो व्हीलच्या स्वतःच्या चिपमध्ये चालतो. रिम किती वेगाने फिरते हे तिथेच मोजून तिथेच विरोध लावला जातो, संगणकापर्यंत जाऊन यायची गरजच नाही. उशिरातून आलेल्या दुखण्यावर जवळपास बिनउशिराचं औषध.

स्मूदिंग किंवा फिल्टर नावाच्या सेटिंगने मात्र फसायला होतं. नाव ऐकून वाटतं, थरथर जाईल. बारीक कंप जातोही. पण फिल्टर म्हणजे मागच्या मापनांची सरासरी. मागच्या १० मापनांची सरासरी घेतली तर जवळपास ५ मापनांचा उशीर वाढला, आणि मोठा हेलकावा आणखी बळावला. भाच्याने नेमकं हेच केलं होतं. 'मिनिमम फोर्स', म्हणजे बारीकसा जोरही एका ठरावीक मापाच्या खाली जाऊ न देणारी सेटिंग, हेही तसंच. घर्षण फार असलेल्या व्हीलसाठी ते ठीक आहे, पण भाच्याच्या व्हीलला त्यामुळे मध्याच्या दोन्ही बाजूंना एकदम धक्का बसायला लागतो, आणि व्हील मध्यावर ठरतच नाही. जड रिम लावल्याने हेलकावा सावकाश वाढतो, पण वाढतोच. त्या गुणाकारात वजनाला जागा नाही.

आम्ही फिल्टर शून्यावर आणला, मिनिमम फोर्स काढून टाकला, गेन ८० वरून ६० वर आणला. मग सरळ रस्त्यावर गाडी पळवत, हात सोडून, डॅम्पर शून्यापासून एकेक टक्क्याने वाढवत नेला. ११ वर हेलकावे वाढायचे थांबले. १४ वर दोन-तीन डुलक्यांत विझायला लागले. २५ वर व्हील मधात बुडवल्यासारखं लागलं. मागची चाकं सरकली की व्हीलने झरकन उलट फिरायला हवं, ते आता फिरेना. म्हणून १५ वर थांबलो.

जेवायला बसलो तेव्हा आजींनी विचारलं, "सापडली का रे कुणाची दृष्ट?" भाच्याने ताटाशेजारी बोट ठेवून त्यांना ७ आणि १३ अंशांचा हिशोब दाखवायला सुरुवात केली. आमटी निवत होती, पण त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे घेतलं कमी आणि दिलं जास्त, असंच ना?"