पदकसंग्रह (नाशिक परिसर)

युद्धसेवा, शौर्य, दीर्घ चाकरी किंवा खेळातील यश यांबद्दल मिळालेली पदके, तसेच त्यांच्या फिती, सनदा, पगारपुस्तके, पलटणीची चिन्हे व बटणे मिळवून, ओळख पटवून जपण्याचा छंद व अभ्यास. नाणकशास्त्राची ही एक उपशाखा समजली जाते. फौजेतून परतलेल्यांच्या घरांत पदकाला ‘बिल्ला’ म्हणण्याची रीत आहे.

‘पदक’ हा शब्द मराठीत मुळात दागिन्याचा. कंठ्याच्या मध्यभागी लोंबणारा, छातीवर येणारा भाग म्हणजे पदक. मराठेशाहीत पराक्रमाचा गौरव सोन्याची कडी, तोडे, शिरपेच, पोशाख किंवा इनाम जमीन देऊन होत असे. हे मान काही अभ्यासक पदकांच्याच परंपरेत धरतात. परंतु एकाच ठशातून पाडलेले, सरदार व शिपाई दोघांना एकाच मोहिमेबद्दल दिलेले चिन्ह ही कल्पना आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळातली दिसते. त्यामुळे तोड्या-कड्यांची नोंद वेगळी ठेवणेच सयुक्तिक ठरते.

ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले मोहीमपदक म्हणजे ‘डेक्कन मेडल’. ते पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील सेवेबद्दल, पश्चिम हिंदुस्थान व गुजरातेत लढलेल्या एतद्देशीय सैनिकांना देण्यात आले. त्याच्या एका बाजूस ब्रिटानियाची (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीची) बैठी आकृती आणि दुसऱ्या बाजूस फार्सी लेख आहे. काही ग्रंथ त्याचा काळ १७८४ देतात, काही १७८५. लेखात हिजरी ११९९ हे वर्ष असून ते १७८४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, म्हणून १७८४-८५ असा निर्देश अधिक सुरक्षित आहे. ‘जगातील पहिले मोहीमपदक’ हे त्याचे वर्णन मात्र टिकणारे नाही. इंग्लंडमध्ये क्रॉमवेलच्या काळातले, स्कॉटलंडमधील डनबारच्या लढाईचे पदक (१६५०) सर्व दर्जांच्या सैनिकांना दिले गेले होते.

नाशिकच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. ते १८५१ मध्ये, म्हणजे बहुतेक लढवय्ये काळाच्या पडद्याआड गेल्यावर, हयात असलेल्यांनाच मंजूर झाले. त्यावर १७९९-१८२६ अशी वर्षे आहेत, पण लढायांच्या पट्ट्या (लढाईचे नाव असलेल्या, फितीवर बसवायच्या धातूच्या पट्ट्या) १८०३ पासूनच्या. वर्षांमधील आडवी रेघ काही नगांवर आखूड, तर काही थोड्या नगांवर लांब असते. लांब रेघेचा ठसा दुर्मीळ. आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, कोरेगाव, महिदपूर अशा नावांच्या पट्ट्या फितीवर चढल्या. आपल्या जिल्ह्यातील लढायांचा मात्र त्यांत पत्ता नाही. नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेल्या मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीने मे-जून १८१८ मध्ये इंग्रजांना सुमारे महिनाभर झुंजवले. त्या वेढ्याची पट्टी नाही, आणि त्याच वर्षी घेतलेल्या त्र्यंबक किल्ल्याचीही नाही. ‘मालेगाव’ अशी पट्टी असलेले आर्मी ऑफ इंडिया पदक कुणी दाखवले, तर ते बनावट समजावे.

जुन्या घरांतून निघणारी पदके बहुधा पहिल्या महायुद्धातली असतात. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे, ३६ मिमी व्यासाचे. मजूर तुकड्या, खेचरवाले अशा बिनलढाऊ लोकांना तेच पदक काशाचे दिले गेले. चांदीची सुमारे ६५ लाख, तर काशाची अवघी १ लाख १० हजारांच्या आसपास निघाली. ‘आजोबांना हलका बिल्ला मिळाला’ या समजुतीने अडगळीत पडलेला काळपट नग संग्राहकाच्या लेखी अधिक मोलाचा असतो.

पदक हाती आले की आधी त्याची कड वाचावी. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असा मजकूर तिथे बारीक अक्षरांत ठोकलेला असतो. नावांची इंग्रजी रूपे ओळखू येणार नाहीत इतकी बिघडलेली असतात, तेव्हा भरवसा क्रमांक व पलटणीवर ठेवावा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधील कूतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) अडकल्या होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. त्यामुळे कडेवर ‘११०’ आहे की ‘३/५’ यावरून काळ ठरवता येतो. खोट्या नगांत जुने नाव कानशीने घासून दुसरे टाकतात. अशा वेळी व्हर्नियर कॅलिपर लावला की व्यास किंचित कमी भरतो, आणि भिंगाखाली कड एका ठिकाणी चपटी दिसते.

नाशिकमध्ये या वस्तू येण्याचे मुख्य कारण देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही छावणी मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचा थांबा होती. इंग्रजीतील ‘डूलॅली टॅप’ (डोके फिरणे) हा वाक्प्रचार देवळालीवरूनच आला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, हीच व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा पाकिस्तानात गेलेल्या काकूलहून देवळालीत आली, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर पदकेही, उदा. समर सेवा स्टार (१९६५), पूर्वी व पश्चिमी स्टार (१९७१), परिसरातील घरांत सापडतात. अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे संग्रहालय हे ठसे, टांकसाळी व धातू समजून घेण्यासाठी उत्तम ठिकाण आहे.

क्रीडापदकांत पलटणींच्या हॉकी, कुस्ती व नेमबाजीच्या स्पर्धांतली छोटी चांदीची पदके प्रमुख. मागे जहाजाच्या नांगराची खूण असेल तर चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली. ऑलिंपिकचे भरीव सोन्याचे पदक १९१२ नंतर दिले गेले नाही. पुढची सुवर्णपदके सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची. धावपटू कविता राऊत (दिल्ली राष्ट्रकुल, २०१०, कांस्य) व नौकानयनपटू दत्तू भोकनळ (आशियाई स्पर्धा, २०१८, सुवर्ण) हे जिल्ह्याचे मानकरी.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिच्या व्यापारास परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता या मर्यादेत येऊ लागली आहेत.

सर्वांत मोठी हानी सराफी पेढीवर होते. चांदीचे पदक मोडीत घातले की वजनाचे पैसे मिळतात आणि नाव वितळून जाते. १९८० च्या आरंभी चांदी कडाडली तेव्हा जगभर अशी असंख्य पदके आटवली गेली. घरातला मारही कमी नाही. दिवाळीला समई-तांब्यांबरोबर चिंच लावून घासलेल्या पदकाची कड गुळगुळीत होते, चेहऱ्याचे नाकडोळे जातात. पदक कोरड्या मऊ कापडाने पुसावे, पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नये. फीत कितीही विटली तरी बदलू नये. सोबतची सनद, पत्र किंवा पगारपुस्तक पदकापासून वेगळे करू नये.