भाषा, बोली आणि बडोद्याचा हेल

"भाजी सरस झालीय," असं मी म्हटलं की पुण्याची आतेबहीण लगेच विचारते, "कशापेक्षा?" तिच्या मराठीत सरस म्हणजे दुसऱ्याहून वरचढ. आमच्याकडे बडोद्यात गुजरातीच्या शेजारानं सरस म्हणजे फक्कड. इथं अर्थच सरकला, म्हणजे मामला बोलीचा. दांडिया बाजारातलं एखादं पोर 'ज्ञानेश्वर'ला 'ग्नानेश्वर' म्हणतं, किंवा 'जग'मधला ज 'जीव'मधल्यासारखा उच्चारतं, तेव्हा शब्द तोच, अर्थ तोच, फक्त जिभेचं वळण गुजराती. तो हेल.

हे दोन्ही इथं आले गायकवाडांच्या मागोमाग. अठराव्या शतकात फौजेबरोबर कारकून आले, भिक्षुक आले आणि गुजरातीच्या मधोमध मराठी वस्ती झाली. १८७५ साली गादीवर दत्तक आलेले बारा वर्षांचे सयाजीरावही कवळाण्याचे, मालेगावकडचे. तो पट्टा अहिराणीचा, म्हणजे खानदेशीचा.

आणि अहिराणीपाशीच भाषा-बोलीचं गणित अडतं. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात कोकणी मराठीच्या खंडात (१९०५), खानदेशी मात्र भिल्ली भाषांच्या खंडात! पुढं कोकणीला साहित्य अकादमीनं १९७५ साली स्वतंत्र भाषा मानलं आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. बोलणाऱ्यांच्या तोंडची कोकणी काही त्या दोन तारखांना बदलली नव्हती. खानदेशीला जनगणना आजही मराठीबाहेर, वेगळी भाषा म्हणून मोजते, पण अनुसूचीत तिला जागा नाही.

मोजणीची तऱ्हाही बघण्यासारखी. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं भरली १९,५६९. छाननीत उरली १,३६९. त्यांची मोट बांधून, दहा हजार किंवा जास्त बोलणारे असलेल्या भाषा छापल्या १२१. त्याच सुमारास आमच्या बडोद्यातल्याच भाषा संशोधन केंद्रातून भाषा-अभ्यासक गणेश देवींनी देशातल्या भाषांचं लोकसर्वेक्षण उभं केलं. त्यात आकडा निघाला ७८०. देश तोच.

लहानपणी आमच्या वाड्यात धुळ्याकडचं एक कुटुंब राहायचं. आजी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "कथा चालना?" कथा म्हणजे कुठे, हे कळेपर्यंत आम्ही पोरं गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून तिच्यापाशी बसायचो. जनगणनेचे मास्तर आले तेव्हा काकांनी मातृभाषा सांगितली मराठी. आतून आजी काहीतरी ओरडली, अहिराणीत. मास्तर पुढच्या रकान्याकडे वळले होते.