तालुक्याचा जुना जेल आणि तहसीलदाराकडची चावी

तालुक्याच्या गावातला जुना जेल शोधायचा तर आधी जुनी मामलेदार कचेरी गाठावी. दोन-चार दगडी कोठड्या बहुधा त्याच आवारात असतात. याचे कारण खजिना. तालुक्याचा वसूल कचेरीत ठेवला जाई, त्यावर सशस्त्र पहारा असे आणि त्याच पहाऱ्यात कैदीही राखता येत.

१८९४ च्या कारागृह कायद्याने मोठ्या तुरुंगांना शिस्त लावली. तालुक्याला मात्र मामलेदारच (म्हणजे आजचा तहसीलदार) वसूल करी, फौजदारी खटले चालवी आणि जेलही सांभाळी. १९४२ च्या चले जाव चळवळीत, सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरचे मोर्चे कचेऱ्यांवरच का गेले, हे यावरून कळते. सगळे सरकार त्या एका फाटकाआड होते. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला त्या मोर्चांवर गोळीबार झाला.

खरा घोळ स्वातंत्र्यानंतरचा आहे. न्यायदान आणि कारभार वेगळे करणारा कायदा मुंबई राज्याने १९५१ मध्ये केला. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि आरोपीला कोठडी देण्याचे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. जेल मात्र महसुलाकडेच राहिला. न्यायाधीश आरोपीला एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी देणार, तहसीलदार पदसिद्ध अधीक्षक म्हणून त्याला ठेवून घेणार, पहारा पोलीस देणार. तिघांचे वरिष्ठ तीन. नवे कर्मचारी नेमण्याचा खर्च वाचला, हे या व्यवस्थेच्या बाजूने सांगितले जाते. पण पीक पंचनामे, निवडणुका, जमिनीचे दावे यांत बुडालेला अधिकारी कोठडीत फेरी कधी मारणार? जेल तेव्हाच कारागृह खात्याकडे द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अर्धवट वाटणीची किंमत कच्च्या कैद्यांनी मोजली. शिक्षा झालेला कैदी जिल्ह्याच्या किंवा मध्यवर्ती कारागृहात जातो. तालुक्याला उरतो तो खटला चालू असलेला, जामिनाची ऐपत नसलेला माणूस. कित्येक ठिकाणी पोलीस कोठडीतले आणि न्यायालयीन कोठडीतले आरोपी एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या खोल्यांत राहिले. कायद्याने या दोन कोठड्या वेगळ्या केल्या त्या आरोपीला तपास करणाऱ्यांच्या हातातून सोडवण्यासाठी. मध्ये एक भिंतच असेल तर त्या संरक्षणाचे मोल किती? बायकांसाठी वेगळी सोय नसली की त्यांना थेट जिल्ह्याला पाठवतात आणि भेटीला येणाऱ्या घरच्यांचा रोजगार बुडतो.

२०२० मध्ये नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या, २०२३ मध्ये संगमनेरच्या अशाच जेलमधून आरोपी पळाले, तेव्हा चर्चा झाली ती पहाऱ्याची आणि गजांची. दरम्यान बऱ्याच तालुक्यांत तहसील कार्यालये नव्या प्रशासकीय इमारतींत गेली. जिथे जेल जुन्या आवारातच राहिला, तिथे अधीक्षक आणि त्याच्या कोठड्या यांच्यात आता गावाचे अंतर पडले आहे.