तटाच्या आत राहिलेले आयरिश

इ.स. ११७० मध्ये अँग्लो-नॉर्मन, म्हणजे इंग्लंडमधील नॉर्मन सरदारांच्या, फौजेने आयरलंडमधील डब्लिन जिंकले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने सनद काढून हे शहर इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या लोकांना वसण्यासाठी दिले. डब्लिनच्या व्यापारी संघाची साधारण ११९० ते १२६५ या काळातील सदस्यांची यादी आज उपलब्ध आहे. तिच्यात इंग्लंड आणि वेल्समधील गावांची नावे लावणारे व्यापारी व कारागीर इतक्या मोठ्या संख्येने भेटतात की, हे शहर पूर्णपणे परक्यांनी भरले होते असे वाटावे. मात्र ही यादी हक्क मिळालेल्यांची आहे. घरकाम करणाऱ्या मोलकरणीची किंवा हमालाची नोंद तिच्यात होण्याचे कारणच नव्हते.

अशा माणसांचा, विशेषतः शहरात राहिलेल्या आयरिशांचा, माग काढताना प्रयोगशाळेची मदत मर्यादितच होते. दातांवरचे एनॅमल बालपणी तयार होते आणि नंतर बदलत नाही. खडकांतून मातीत व मातीतून अन्नपाण्यात उतरलेल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे (कमी-अधिक वजनाच्या अणूंचे) त्यातील प्रमाण पाहून माणूस कोणत्या प्रकारच्या भूभागात वाढला याचा अंदाज करता येतो. परंतु वसाहतवाल्याचे डब्लिनमध्ये जन्मलेले मूल आणि शेजारच्या आयरिश कुटुंबातील मूल एकाच पाण्यावर वाढले असेल, तर दोघांचे दात सारखेच बोलतील. त्या काळी ‘आयरिश’ असणे ही प्रामुख्याने कायद्याने ठरवलेली गोष्ट होती आणि म्हणूनच न्यायालयाचे कागद येथे हाडांपेक्षा अधिक सांगतात.

वॉटरफर्ड येथील १३१० च्या सुमाराचा एक खटला मला या दृष्टीने सर्वांत बोलका वाटतो. रॉबर्ट ल वेलीज याने आयव्हर मॅकगिलमोरीचा मुलगा जॉन याला ठार मारल्याचे नाकारले नाही. मृत माणूस आयरिश होता, त्यामुळे हा गंभीर गुन्हाच ठरत नाही आणि त्याच्या मालकाने मागितली तर आपण भरपाई देऊ, एवढाच त्याचा बचाव होता. राजाच्या वकिलाने उत्तर दिले की, जॉन वायकिंगांच्या वंशातील ऑस्टमन होता आणि त्याच्या घराण्याला राजाने इंग्रजी कायद्याचे संरक्षण दिलेले होते. खून झाला की नाही यापेक्षा मेलेला माणूस कोणाचा वंशज, यावर वाद रंगावा, ही त्या व्यवस्थेतील क्रूरता मन विषण्ण करते. काही आयरिश लोक राजाकडून असे संरक्षण वैयक्तिक सनदेने मिळवत. १३३१ मध्ये स्वतंत्र आयरिशांना तो कायदा सरसकट लागू करण्याचा आदेशही निघाला, तरी भेद मिटला नाही.

किल्केनी, लिमरिक अशा शहरांत ‘आयरिशटाउन’ नावाचे भाग आजही आहेत. त्या नावावरून सगळे आयरिश तिकडेच राहत आणि तटाच्या आत फक्त इंग्रज, असे चित्र मनात उभे राहते, पण ते फसवे आहे. किल्केनीचे आयरिशटाउन हे सेंट कॅनिसच्या जुन्या धर्मस्थळाभोवतीचे, बिशपच्या अखत्यारीतील वेगळे नगर होते, तर लिमरिकच्या आयरिशटाउनलाही पुढे तटबंदी झाली.

शहरात आणि वसाहतीत आयरिश माणसे होती, याचा भक्कम पुरावा त्यांच्याविरुद्धच्या मनाईंतच सापडतो. १३६६ च्या किल्केनी कायद्यांनी इंग्रजांना आयरिश भाषा व आयरिशांशी विवाह वर्ज्य केले; शिवाय इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिशांनीही इंग्रजीच बोलावे, असे बजावले. १४६५ च्या कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर येथे इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिशांना गाव, रंग, कसब किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितले: ट्रिम, व्हाइट, स्मिथ, कुक अशी. त्यामुळे पुढच्या कागदपत्रांत एखादा व्हाइट किंवा स्मिथ आढळला, तर तो ब्रिस्टलहून आलेल्यांचा वंशज की नाव बदललेला आयरिश, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही. नावे बदलूनही माणसे गेली नाहीत. १५१८ मध्ये गॉलवेच्या नगरसभेला नियम करावा लागला की, आडनावाआधी ‘ओ’ किंवा ‘मॅक’ हे आयरिश उपपद लावणाऱ्या कोणीही शहराच्या रस्त्यांतून तोऱ्याने मिरवू नये.